कुत्र्या-मांजरांचे दात: हिरडीखाली काय चालते आणि घरी काय करता येते

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तीच त्याच्या दातांच्या मुळावर येते. निरोगी कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडाला खाल्लेल्या अन्नाचा थोडाफार वास येतो, पण कुजका, दूरवरून जाणवणारा दर्प येत नाही. तसा दर्प येत असेल तर हिरड्यांखाली जीवाणूंची वाढ होऊन तिथल्या ऊती नष्ट होऊ लागल्या आहेत, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. वयाची तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत बहुतांश पाळीव कुत्र्यांत आणि मांजरांत हिरड्यांच्या आजाराची काही ना काही लक्षणे दिसू लागतात, आणि प्रौढ प्राण्यांमध्ये पशुवैद्यांना सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांत याचा क्रमांक अगदी वरचा आहे. तरीही बहुतेक प्राणी दवाखान्यात पोहोचतात ते दात हलू लागल्यावर किंवा खाणे सुटल्यावर, म्हणजे जबड्याचे हाड झिजून गेल्यानंतर.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ आणि मांजराला ३० दात असतात. पिल्लांच्या दुधाच्या दातांची संख्या अनुक्रमे २८ आणि २६ असते. पुढचे छोटे दात केस विंचरण्यासाठी आणि कुरतडण्यासाठी, सुळे पकडण्यासाठी, आणि मागच्या दाढा मांस कापण्यासाठी अशी त्यांची विभागणी असते. यांतली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे: वरच्या जबड्यातली सर्वांत मोठी दाढ आणि तिच्यासमोर येणारी खालची मोठी दाढ. या दोघी कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून घसरतात आणि चावण्याचे मुख्य काम करतात. आजाराच्या दृष्टीनेही ही जोडी महत्त्वाची ठरते, कारण किटण, म्हणजे दातावर बसणारा टणक थर, सर्वांत आधी आणि सर्वांत जाड जमते ते वरच्या या दाढेच्या गालाकडील बाजूवर, आणि कठीण वस्तू चावताना तुकडा उडतो तोही बहुतेक हिचाच.

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यावर लाळेतील प्रथिने आणि जीवाणू यांचा चिकट, जवळजवळ न दिसणारा पापुद्रा बसू लागतो. याला प्लाक म्हणतात. हा थर मऊ असतो आणि ब्रशने सहज निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियमचे क्षार त्यात बसतात आणि दोन-तीन दिवसांत, बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरे पुट चढावे तसा, तो दगडासारखा टणक होतो. हेच किटण. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्यामुळे आपल्यासारखी दातांची कीड कुत्र्यांना क्वचितच लागते. पण त्याच गुणधर्मामुळे किटण मात्र त्यांच्या दातांवर झपाट्याने तयार होते. म्हणून ‘दाताला कुठे काळे भोक नाही, म्हणजे दात चांगले आहेत’ हा माणसांच्या दातांवरून बांधलेला अंदाज इथे लागू पडत नाही.

किटण डोळ्यांना दिसते, त्यामुळे आपले सगळे लक्ष त्याकडे जाते. खरे नुकसान करतो तो हिरडीच्या कडेखाली शिरलेला प्लाक. किटणाचा खडबडीत पृष्ठभाग नव्या प्लाकला आसरा देतो, एवढाच त्याचा वाटा. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ फट असते. निरोगी कुत्र्यात तिची खोली साधारण तीन मिलिमीटरपर्यंत आणि मांजरात एक मिलिमीटरच्या आत असते. या फटीत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे वाढणारे जीवाणू आणि त्यांच्याशी लढताना शरीराने निर्माण केलेला दाह, या दोन्हींमुळे दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू तुटू लागतात. आधी हिरडीची कड लालसर दिसते, घासताना रक्त येते. ही पहिली पायरी पूर्णपणे बरी होऊ शकणारी आहे, आणि या आजारातली उलटवता येणारी ही एकमेव पायरी आहे. त्यापुढे दाताचा पाव भाग आधार गमावतो, मग अर्ध्यापर्यंत, मग अर्ध्याहून अधिक. विरघळलेले हाड आपोआप परत येत नाही; उपचारांनी आजार थांबवता येतो, गेलेला आधार सहसा परत आणता येत नाही.

हे नुकसान कधी कधी अनपेक्षित जागी प्रकट होते. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके डोळ्याच्या खालच्या बाजूला येतात. तिथे पू झाला की डोळ्याखाली सूज येते आणि घरच्यांना कीटक चावला असे वाटते. वरच्या सुळ्याचे मूळ आणि नाकाची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पडदा असतो. तो झिजला की तोंड आणि नाक यांच्यात भोक पडते आणि कुत्रा सतत शिंकू लागतो, एका नाकपुडीतून स्राव येतो. लांब नाकाच्या डॅशहुंडमध्ये हे विशेष आढळते. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत खालच्या दाढेचे मूळ जबड्याच्या उंचीच्या मानाने इतके मोठे असते की आजूबाजूचे हाड झिजल्यावर सोफ्यावरून उडी मारण्याच्या निमित्तानेही जबडा मोडू शकतो. हिरड्यांतील जीवाणू रक्तात उतरतात आणि दीर्घकाळ चाललेल्या हिरड्यांच्या आजाराचा हृदय, यकृत व मूत्रपिंड यांतील बदलांशी संबंध आढळलेला आहे. त्यावरून प्रत्येक हृदयविकाराचे खापर दातांवर फोडणे बरोबर नाही, मात्र मधुमेह असलेल्या प्राण्याची साखर आटोक्यात येत नसेल तर तोंड तपासलेच पाहिजे.

‘पण तो व्यवस्थित खातो की’ हे वाक्य पशुवैद्य रोज ऐकतात. दुखणे लपवणे हा या प्राण्यांचा स्वभाव आहे. कळपात किंवा जंगलात अशक्त दिसणे धोक्याचे असते, आणि भूक ही वेदनेपेक्षा मोठी असते. त्यामुळे जबड्यात पू असलेला कुत्राही ताट चाटूनपुसून स्वच्छ करतो. फरक पडतो तो खाण्याच्या पद्धतीत. तो एकाच बाजूने चावू लागतो, कोरडे दाणे न चावता गिळतो, तोंडातून घास खाली पडतो, आवडते खेळणे सोडून देतो, डोक्यावरून हात फिरवू दिला तरी गालाला हात लावू देत नाही. बरेचदा दात काढल्यावर काही दिवसांनी घरचे सांगतात की तो पुन्हा पिल्लासारखा खेळू लागला. वय झाले म्हणून मंदावला असे ज्याला म्हटले जात होते, ते दुखणे होते.

मांजरांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखी आहे. मांजरांच्या दातांना खरी कीड जवळजवळ लागतच नाही, पण त्यांना दात विरघळण्याचा एक आजार होतो. शरीरातल्याच पेशी दाताचे मूळ खाऊ लागतात, आणि हिरडीच्या कडेला दातावर छोटासा लाल खळगा दिसतो, ज्यात हिरडीचा कोंब वाढल्यासारखा भासतो. या खळग्याला हलकासा स्पर्श झाला तरी मांजराचा जबडा थरथरतो, भूल दिलेली असतानासुद्धा. या आजाराचे कारण अजून नेमके ठाऊक नाही, तो ब्रशने टाळता येत नाही, आणि त्यात सिमेंट भरून उपयोग होत नाही. एक्स-रे काढून मुळांची स्थिती पाहून दात काढणे हाच उपाय असतो. दुसरा आजार म्हणजे संपूर्ण तोंडाचा, विशेषतः घशाजवळच्या भागाचा तीव्र दाह. अशी मांजर भुकेने वाटीपाशी येते, एक घास घेते आणि किंचाळून पळते; तिच्या तोंडाला लाळ असते, अंग चाटणे सोडल्यामुळे पाठीवरच्या केसांच्या गाठी होतात. यात कॅलिसी विषाणूचा सहभाग अनेकदा आढळतो, आणि मांजरांच्या प्रतिकारशक्तीवर परिणाम करणाऱ्या विषाणूंची तपासणीही करावी लागते. दाढा किंवा सगळेच दात काढल्यावर यांतल्या बहुसंख्य मांजरांना मोठा आराम मिळतो. उपचार ऐकायला क्रूर वाटतो, परंतु वर्षानुवर्षे औषधे देत मांजराला उपाशी ठेवण्यापेक्षा तो कितीतरी दयाळू आहे, असे मला ठामपणे वाटते.

लहान आणि चपट्या तोंडाच्या जातींना दातांचा त्रास लवकर होतो. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर यांचा जबडा आखूड असतो, पण दातांची संख्या तेवढीच. मग दात तिरके होतात, एकमेकांवर चढतात आणि मधल्या फटींत अन्न अडकते. पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की दुधाचे सगळे दात पडलेले असायला हवेत. लहान जातींत दुधाचा सुळा न पडता नव्या सुळ्याशेजारी तसाच उभा राहतो. नवा दात बाहेर आला असेल आणि त्याच जागी जुनाही दिसत असेल तर ‘पडेल आपोआप’ म्हणून थांबू नये. जुना दात काढला नाही तर नवा वाकडा येतो आणि दोघांमध्ये किटण भरते.

आपल्याकडच्या खाण्याचाही इथे संबंध आहे. दूध-पोळी, दूध-भात, चहाबरोबरचे बिस्कीट हे पदार्थ दाताला चिकटून राहतात आणि चावण्याचे काम जवळजवळ शून्य असते. मात्र त्यावर उपाय म्हणून कोणतेही कोरडे खाद्य आणले की दात स्वच्छ होतील, हेही खरे नाही. साधा दाणा दाताचे टोक लागताच फुटतो, हिरडीच्या कडेपर्यंत घासतच नाही. दातांसाठी खास तयार केलेल्या खाद्याचे दाणे मोठे आणि तंतुमय असतात, दात आत रुतला तरी ते लगेच फुटत नाहीत, म्हणून त्यांचा काही उपयोग होतो.

हाडांबद्दल मात्र स्पष्टच बोलायला हवे. हाडाने दाढांवरचे थोडे किटण खरवडले जाते, ही गोष्ट खरी. पण त्याची किंमत फार मोठी आहे. कुत्र्याच्या दातावरचे एनॅमल आपल्यापेक्षा बरेच पातळ असते, आणि कठीण हाड, शिंग किंवा खूर चावताना वरच्या मोठ्या दाढेची एक आख्खी कपरी निघते, आतली नस उघडी पडते आणि मग रूट कॅनल किंवा दात काढणे एवढेच पर्याय उरतात. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाच्या अणकुचीदार फाटी होतात. रविवारच्या मटणातली नळी तर वेगळाच प्रसंग ओढवते: आतला गर चाटता चाटता ती खालच्या सुळ्यांवरून सरकून जबड्यात कड्यासारखी अडकते, खालचा ओठ सुजतो, आणि ओढून काढण्याच्या प्रयत्नात सुळा मोडतो. अशा वेळी ओढाताण न करता सरळ दवाखाना गाठावा. डॉक्टर गुंगीचे औषध देऊन नळी कापून काढतात. हाडाचा किंवा काडीचा तुकडा वरच्या दाढांमध्ये टाळूला आडवा अडकला तर कुत्रा पंजाने तोंड ओरबाडत राहतो आणि दोन-चार दिवसांत उग्र वास सुटतो. चघळण्यासाठी काही द्यायचेच असेल तर नखाने दाबून पाहावे. नख रुतत नसेल तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण आहे.

घरी तोंड तपासण्यासाठी जबडा उघडावा लागत नाही. प्राणी शांत बसलेला असताना त्याच्या शेजारी बसावे, समोरून अंगावर जाऊ नये. तोंड मिटलेलेच ठेवून अंगठ्याने वरचा ओठ हळूच वर आणि किंचित मागे सारावा, म्हणजे सुळ्यापासून मोठ्या दाढेपर्यंतची बाहेरची बाजू दिसते. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते (काही जातींत ती मुळातच काळसर असते), तिची कड धारदार दिसते, आणि दाताशी लाल रेघ नसते. दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण दुखणाऱ्या बाजूने प्राणी चावत नाही आणि तिथे किटण जास्त जमते. वयस्क प्राण्यात एकाच ठिकाणी गाठ, एकाच जागचे हलणारे दात किंवा रक्ताळलेली लाळ दिसली तर हिरड्यांचा साधा आजार समजून वेळ घालवू नये. तोंडाचा कर्करोग कुत्र्यांत आणि मांजरांत दोन्हींत होतो.

एक सावधगिरी इथेच सांगणे आवश्यक आहे. लाळ गळणारा, जबडा लोंबणारा, गिळता न येणारा प्राणी दिसला की दाताचे दुखणे असेल किंवा घशात हाड अडकले असेल असे समजून तोंडात हात घालण्याची आपली सहज प्रवृत्ती असते. ही रेबीजचीही लक्षणे आहेत. रस्त्यावरच्या किंवा लस न दिलेल्या प्राण्याच्या तोंडात कधीही हात घालू नये. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच लस घेण्यासाठी रुग्णालयात जावे.

रोजच्या काळजीत ब्रशची जागा दुसरे काहीच घेऊ शकत नाही. प्लाक रोज तयार होतो, म्हणून ब्रशही रोज हवा; आठवड्यातून एकदा केलेला ब्रश जवळजवळ वाया जातो, कारण तोपर्यंत किटण झालेले असते. लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश किंवा प्राण्यांसाठी मिळणारा छोटा ब्रश चालतो. पहिल्याच दिवशी ब्रश तोंडात घातला तर प्राणी कायमचा बिथरतो. सुरुवातीचे काही दिवस बोटावर चिकनच्या चवीची प्राण्यांची पेस्ट लावून ती फक्त चाटू द्यावी. मग तेच बोट ओठाखाली सरकवून सुळ्यावरून फिरवावे. मग बोटाला गॉजचा तुकडा गुंडाळून. आणि सर्वांत शेवटी ब्रश. ब्रशचे केस हिरडीच्या कडेशी तिरपे धरून लहान गोलाकार फिरवावेत. आतली, जिभेकडची बाजू घासण्यासाठी झगडण्याची गरज नाही, जीभ ते काम बऱ्यापैकी करते. गालाकडची बाजू, आणि त्यातही वरच्या मागच्या दाढा, नीट घासल्या गेल्या तर बरेचसे काम झाले. रोज एकच वेळ ठेवावी आणि लगेच नंतर फिरायला न्यावे किंवा खेळावे, म्हणजे प्राणी त्या वेळेची वाट पाहू लागतो. मांजराच्या बाबतीत पिल्लूपणी सुरुवात केली तर फार सोपे जाते. मोठ्या मांजरासोबत काही सेकंदांवरच समाधान मानावे लागते, आणि तेही काही कमी नाही. हिरड्या आधीच लाल आणि दुखऱ्या असतील तर मात्र आधी उपचार करून घ्यावेत. दुखणाऱ्या जागी ब्रश फिरवला तर प्राणी तो पुन्हा कधीच तोंडाजवळ येऊ देत नाही.

आपली टूथपेस्ट त्यांना वापरू नये. प्राणी चूळ भरत नाहीत, सगळे गिळतात, आणि आपल्या पेस्टमधले फ्लोराइड व फेस आणणारी द्रव्ये पोटात जाणे योग्य नाही. काही पेस्टमध्ये आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये झायलिटॉल असते. ते कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली आणते आणि यकृत निकामी करू शकते. घरगुती उपायांपैकी लवंगाचे तेल मांजराला विषारी ठरते. मीठ आणि खाण्याचा सोडा यांनीही अपाय होऊ शकतो. दाढ दुखते म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी देणे हा सर्वांत भयंकर प्रकार आहे: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेन कुत्रा आणि मांजर दोघांनाही घातक आहे. नखाने किंवा टोकदार वस्तूने किटण उपटू नये. पृष्ठभाग खरबरीत होतो, हिरडीला जखम होते, आणि हिरडीखालचा भाग तसाच राहतो. पाण्यात घालायची औषधे, चघळायच्या कांड्या, जेल यांचा उपयोग ब्रशला पूरक म्हणून करावा. त्यांतल्या ज्या उत्पादनांवर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहोर असते, त्यांनी प्लाक किंवा किटण कमी झाल्याचे चाचण्यांतून दाखवलेले असते, एवढे पाहून घ्यावे.

आता भूल न देता दात स्वच्छ करून देण्याच्या सेवेविषयी. अशी सेवा ग्रूमिंग पार्लरमध्ये मिळते, दात अर्ध्या तासात पांढरे दिसतात आणि खर्चही कमी येतो, त्यामुळे पालक खूश होतात. पण जागा असलेल्या प्राण्याच्या हिरडीखाली उपकरण घालता येत नाही, आतली बाजू गाठता येत नाही, एक्स-रे काढता येत नाही. वरचा देखावा उजळतो आणि आजार आत चालू राहतो, म्हणूनच जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने आपल्या दंतविषयक मार्गदर्शक तत्त्वांत ही पद्धत नाकारली आहे. केवळ प्रतिजैविकांचा कोर्स देऊनही भागत नाही. वास काही दिवस कमी होतो आणि जीवाणूंचा थर जागेवरच असल्यामुळे पुन्हा येतो.

योग्य पद्धतीत आधी रक्ततपासणी होते, विशेषतः मूत्रपिंड आणि यकृताची. वय किंवा जातीनुसार हृदयाची तपासणीही करतात. पूर्ण भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घातली जाते. तिच्यातून भुलीचा वायू जातो आणि स्केलरचे, म्हणजे किटण काढणाऱ्या उपकरणाचे, जीवाणूमिश्रित पाणी फुप्फुसांत उतरत नाही. शिरेतून सलाइन चालू असते, शरीर उबदार ठेवले जाते, हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि प्राणवायू यांवर एक व्यक्ती सतत नजर ठेवते. मग प्रत्येक दाताभोवतीच्या फटीची खोली बारीक मोजपट्टीसारख्या सळईने मोजली जाते, हिरडीच्या वरचे आणि खालचे किटण काढले जाते, एक्स-रे घेतले जातात, आणि शेवटी दात गुळगुळीत केले जातात, कारण खरबरीत दातावर प्लाक लवकर धरतो. दवाखाना निवडताना नळी घालता का, भुलीवर देखरेख कोण करते आणि दातांचा एक्स-रे आहे का, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही चौकशी करता येते.

वयस्क प्राण्याला भूल सोसणार नाही, या भीतीने पुष्कळ जण उपचार टाळतात. भीती समजण्यासारखी आहे आणि भुलीत काहीच धोका नाही असे कोणी म्हणू नये. मात्र वय हा स्वतः आजार नाही. तपासण्या करून, औषधांची निवड त्यानुसार बदलून बहुतेक वयस्क प्राण्यांना सुरक्षितपणे भूल देता येते, आणि तोंडात कायमचा पू बाळगणे हाही त्यांच्यासाठी धोकाच असतो.

दात काढावे लागले तर काढताना जागा बधिर करण्याचे इंजेक्शन दिले जाते आणि हिरडीला विरघळणारे टाके घातले जातात. पुढचे दहा ते चौदा दिवस मऊ, भिजवलेले अन्न द्यावे, कडक खेळणी आणि रस्सीखेच बंद ठेवावी, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक प्राणी बरा दिसला तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावे. दात नसलेली मांजरे मऊ अन्न उत्तम खातात, आणि काही तर थोड्याच दिवसांत कोरडे दाणेही गिळू लागतात. टाके भरून आल्याचे तपासणीत डॉक्टरांनी पाहिले की उरलेल्या दातांवर त्याच दिवसापासून पुन्हा ब्रश सुरू करावा, कारण स्वच्छ केलेल्या दातावर नवा प्लाक पहिल्या चोवीस तासांतच बसू लागतो.